लाल दोऱ्याचं हसू

शेवटचा खिळा काही केल्या निघेना. सुतारकाकांनी पक्कड बदलली, गुडघा पेटीवर रोवला आणि त्या खिळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असा हिसका दिला, की फळी कर्रकन उघडून भुशाचा ढीग जमिनीवर सांडला.

"हळू काका," रफूताई म्हणाली. "आत चित्र आहे, बटाटे नाहीत."

"चित्र आहे म्हणून बरं. माणूस असता तर आतून शिव्या घातल्या असत्या."

संग्रहालयात तिला रफूताई याखेरीज दुसरं नाव नव्हतं. जुने पडदे, गालिचे, कधीकाळच्या सेनापतींचे कसर लागलेले कोट, कापडाचं म्हणून जे जे फाटे ते तिच्या टेबलावर येई, आणि ती ते असं सांधून देई की सांधा हुडकायला गेलेल्या माणसानं हात हलवत परत यावं. लोक तिच्या कामासमोर उभे राहत आणि ते न पाहताच पुढे जात. यातच तिची सगळी ऐट होती. "आजही माझं काम कुणाला दिसलं नाही," असं ती घरी जाऊन मोठ्या थाटात सांगे. नवरा बस चालवायचा. तो म्हणे, "माझंही तसंच. गाडी ठोकल्याशिवाय ड्रायव्हरकडे कोण बघतंय?"

त्या दिवशी संध्याकाळी प्रदर्शन उघडायचं होतं. एका बाजूला जुनी चित्रं, ज्यांत मुलांच्या हातात बाहुल्या आहेत अशी, आणि त्यांच्यासमोर घराघरांतून मागवलेल्या खऱ्या बाहुल्या, काचेच्या पेट्यांत. सगळं लागलं होतं. हे एकच चित्र वाटेत कुठंतरी अडकून पडलं होतं, ते आज उगवलं होतं. वरचं कापड खिळ्यानं फाटलंय का तेवढं पाहायला रफूताईला बोलावलं होतं. कापड शाबूत होतं. तिनं ते अलगद बाजूला केलं आणि भुशातच मटकन खाली बसली.

चित्रात एक तळघर होतं. वरच्या झरोक्यातून पडलेला थोडासा उजेड, कोपऱ्यात धान्याची पोती, आणि दगडी पायऱ्यांवर एकीला एक चिकटून बसलेल्या तीन मुली. तिघींच्या डोक्याला रुमाल, नदीपलीकडच्या बायका बांधतात तसा, कानामागे गाठ मारलेला. प्रत्येकीच्या मांडीवर चिंध्यांची एक बाहुली. बाहुल्यांच्या डोक्यालाही तसाच रुमाल, तशीच गाठ. डोळ्यांच्या जागी बटणं. आणि बटणांखाली काहीच नाही. तिन्ही बाहुल्यांना तोंड नव्हतं.

"काका, हे बघा."

सुतारकाकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "घाईत राहिलं असेल. या चित्रकारांचं बरं असतं. मी दाराला कडी लावायची विसरलो तर लोक घरी येऊन भांडतात."

"पोत्याची वीण काढलीय त्यानं. बाहुलीच्या खिशावरचा टाका न् टाका काढलाय. तो तोंड विसरेल?"

काकांनी चित्र जवळून न्याहाळलं. मग त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिथं प्रदर्शनाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. त्यावर तीच बाहुली होती; तोच रुमाल, तीच कानामागची गाठ, तीच बटणं.

"मग आपली ही कशी हसते?" काकांनी विचारलं.

रफूताईनं पोस्टरकडे मान वळवली नाही.

पोस्टरवरची ती बाहुली थंडीच्या दिवसांत आली होती. फार वर्षांपूर्वी नदीपलीकडची बरीच माणसं घरंदारं सोडून या शहरात आली, त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंची ती. त्या स्वतः आल्या नव्हत्या. भाचा टॉवेलात गुंडाळून घेऊन आला होता. "मावशीनं दिली हेच नवल," तो म्हणाला होता. "जास्तीची माहिती मात्र माझ्याकडे मागू नका. फार बोलत नाही ती. हाक मारली तर ओसुद्धा देत नाही. कान तिखट आहेत तिचे, पण हाकेला ओ म्हणून नाही. शोधत जाऊन समोर उभं राहावं लागतं. आम्हाला सवय झालीय." आणि हसत निघून गेला होता.

बाहुलीचा एक हात लोंबत होता, कडेची शिवण उसवून आतला भुसा गळत होता, एक बटण सैल झालं होतं. काम एवढंच होतं. ते झालं, आणि मग रफूताईची नजर बटणांखाली गेली. तिथं बोटाच्या टोकाएवढी जागा इतकी झिजली होती, की कापडाचे धागे केसांसारखे बारीक झाले होते. रफूताईचा जन्म झीज वाचण्यात गेला होता. कोटाची कोपरं, गादीची कड, पडदा ओढायची बाजू. इथं तोंड होतं, मुलीनं मुके घेऊन घेऊन टाके गळून गेले, असं तिनं वाचलं.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. टाके गळाले तरी सुईची भोकं मागे राहतात. इथं भोकं नव्हती. हे तिला तेव्हाही दिसलं होतं. धुऊन धुऊन बुजली असतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, कारण तोवर जुना लाल दोरा सुईत ओवून झाला होता. तिची मुलगी झोपेत ओठांचा एक कोपरा वर करून हसते. तसंच हसू तिनं त्या झिजलेल्या जागेवर घातलं. आयुष्यभर न दिसणारे टाके घातलेल्या बाईनं दिसावेत म्हणून घातलेले ते पहिले टाके. घालताना तिला फार आनंद झाला होता.

प्रदर्शनाच्या प्रमुख मॅडम त्या दिवशी सहज आत डोकावल्या आणि दारातच थबकल्या. "अय्या, ही तर हसली! मुळात होतं का हे?"

"होतं," रफूताई म्हणाली. "टाके गेले होते. परत घातले."

त्या एका 'होतं'वर मग सगळा डोलारा उभा राहिला. बाहुलीचा फोटो निघाला, 'हसरं बालपण' असं नाव पडलं, शहरातल्या भिंतीभिंतींवर ती हसू लागली. रोजंदारीवरच्या रफूताईला कायम करून घ्यायचा विषय मॅडमनी वरच्यांकडे काढला. मुलीला घरीदारी टकळी म्हणायचे, कारण तोंडाची टकळी सदा चालू. तिनं तर 'ते हसू माझ्या आईनं शिवलंय' असं सांगून सांगून शाळेचे कान किटवले. आज संध्याकाळी ती बापाबरोबर बघायला येणार होती. नवऱ्याच्या बसच्या पाठीवरही तेच पोस्टर लागलं होतं. "आता मागची गाडीसुद्धा तुझं काम बघत येते," तो म्हणाला होता.

आणि हे सगळं आता तीन मुली पायऱ्यांवर बसून बघत होत्या. रफूताई उठली, अंगावरचा भुसा झटकला आणि मॅडमना शोधायला निघाली.

मॅडम मोठ्या दालनाच्या दाराशी होत्या. शिडीवरचा माणूस दारावर एक भलंमोठं पोस्टर टांगत होता, आणि त्या खालून 'डावीकडे, अजून डावीकडे' करत होत्या. रफूताईनं सांगितलं ते त्यांनी वर बघतच ऐकलं. मग खाली बघितलं.

"तुम्ही 'होतं' म्हणाला होतात."

"हो."

"आणि आता एका चित्रावरून वाटतं, नव्हतं?"

"चित्रावरून नाही, मॅडम. भोकं नव्हती. मला तेव्हाच दिसलं होतं."

मॅडमनी शिडीवरच्या माणसाला चहाला पाठवलं. मग त्या शिडीच्या खालच्या पायरीवरच बसल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. या प्रदर्शनासाठी त्यांनी किती उंबरे झिजवले होते ते रफूताईनं पाहिलं होतं.

"चिंध्या बघायला कोण येणार, म्हणून वरचे सगळे मला हसत होते," मॅडम म्हणाल्या. "या एका हसण्यानं त्यांची तोंडं बंद झाली. आता संध्याकाळी, सगळ्या पाहुण्यांसमोर, मी काय सांगू? की आमच्या रफूवालीला वाटलं म्हणून तिनं शिवलं?"

"आत्ता काढते. अजून वेळ आहे."

"आणि पोस्टरं? तीपण उसवणार?"

रफूताईचा हात खिशातल्या कात्रीवरून खाली आला.

"हात लावायचा नाही," मॅडम उठल्या. "त्या आजी संध्याकाळी येणार आहेत. काही म्हणाल्या तर बघू. इतक्या वर्षांनी त्यांना तरी काय आठवणार? आणि रफूताई, तुमच्या कायम होण्याचा कागद आज वर गेलाय. एवढं लक्षात ठेवा."

त्या ऑफिसकडे गेल्या. काचेच्या पेट्यांच्या किल्ल्या उद्घाटनापर्यंत रफूताईच्याच खिशात होत्या, आणि त्या आता निखाऱ्यासारख्या जाणवत होत्या. ती त्या पेटीपाशी गेली. समोरच्या भिंतीवर सुतारकाका नवं चित्र टांगून नुकतेच गेले होते. इकडे बाहुली हसत होती, तिकडे तीन मुली तिच्याकडे बघत होत्या. रफूताईनं किल्ली कुलपात घातली. कात्री, चिमटा, सगळं खिशात होतं. मॅडम येईपर्यंत काम झालं असतं. पण किल्ली फिरवायला हात धजेना. न विचारता घातलं, आता न विचारताच काढायचं? तोंड द्यायचं की नाही हे ठरवणारी ती कोण? तोंड नसणं हा या बाहुलीचा उणेपणा नव्हता हे तिला कळलं होतं, पण ते काय होतं हे कळलं नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

तेवढ्यात दाराशी काठी वाजली.

"मावशी, तू आत जाऊन बस," भाच्याचा आवाज आला. "लवकर आलोय आपण. मी दुकानातलं काम उरकून येतो. आणि हे बघ, कुठं जाऊ नकोस, मग मला शोधत बसावं लागतं."

म्हातारं माणूस, संध्याकाळचं बोलावणं असलं तर दुपारपासून तयार होऊन बसणार. रफूताईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आजी आत आल्या. लहानखुरं शरीर, डोक्याला रुमाल, कानामागे गाठ. त्या दारावरच्या पोस्टरखाली थांबल्या आणि मान वर करून पाहू लागल्या.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

रफूताई दोन पावलं पुढे आली. "म्हणजे, आजी?"

"आमच्याकडचीच आहे. गाठ बरोबर मारलीय. पण ही हसते." त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "नशिबाची असेल पोर."

त्यांना ती ओळखू आली नव्हती. स्वतःच्या मांडीवर वाढवलेली बाहुली भिंतीएवढी होऊन समोर टांगली होती, आणि त्यांना ती दुसऱ्या कुणाची तरी वाटली होती. रफूताई गप्प राहिली असती तर कदाचित निभावून गेलं असतं. त्यांना खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं, पेटीच्या काचेवर उजेड पडून आतलं दिसत नाही त्या बाजूला नेलं असतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगा. पण ते 'नशिबाची असेल पोर' तिला सहन झालं नाही.

"आजी, ती तुमचीच आहे," ती म्हणाली. "हसू मी शिवलं. मला वाटलं, होतं आणि गेलं."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काठी टेकत पेटीपाशी गेल्या, काचेजवळ तोंड नेलं आणि आतल्या लाल दोऱ्याकडे बघत राहिल्या. काचेवर त्यांच्या श्वासाचा डाग उमटला आणि विरला.

"आजी! या, या, लवकर आलात!" मॅडम ऑफिसातून लगबगीनं आल्या. किल्ली कुलपात लोंबतेय हे त्यांनी पाहिलं, रफूताईकडे एक जळजळीत नजर टाकली आणि हसत आजींचा हात धरला. "कशी वाटली? सगळ्या शहराला लळा लावलाय तुमच्या बाहुलीनं."

"काढा ते," आजी म्हणाल्या.

"आजी, बसा तरी आधी. पाहुणे यायचेत. लहान मुलं येणार आहेत बघायला. आणि मुलांना बाहुली म्हटलं की हसरी..."

"माझी आहे. काढा."

आवाज चढलेला नव्हता. मॅडमनी आजींचा हात सोडला. "बाहुलीला तोंड असलं तर बिघडलं काय, आजी? मला खरंच समजून घ्यायचंय."

आजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी काठीनं समोरच्या चित्राकडे खूण केली.

"आमच्या पायऱ्या लाकडी होत्या. बाकी असंच. वर बूटवाले फिरायचे. घराघरांत शिरून माणसं न्यायचे. खाली आम्ही. बायका आणि पोरं. आवाज झाला की संपलं. माझ्या आईनं कमरेचा कपडा फाडून ही शिवली. बटणं बाबांच्या सदऱ्याची. मला म्हणाली, बघ, हिला तोंड नाही, म्हणून ही रडत नाही. तूपण हिच्यासारखी राहा. सगळ्याच आयांनी शिवल्या. तिथल्या सगळ्या पोरींकडे अशाच होत्या. रडू आलं, की हिच्या तोंडाच्या जागी बोट ठेवायचं, म्हणजे आपलं बंद राहतं. असं."

त्यांनी बोट उचलून काचेवर टेकवलं. पलीकडे ते नेमकं त्या झिजलेल्या जागेवर आलं.

रफूताईला ती झीज आत्ता नीट वाचता आली. मुके नव्हते ते.

"आईनं बजावलं होतं, कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आपल्या माणसाच्या आवाजात मारली तरी नाही. बूटवाले आवाज काढतात, म्हणाली. एक दिवस सकाळी आईला डोळा लागला होता. धाकटी तिच्या कुशीत. आता आला ना भाचा, त्याची आई. मी एकटी जागी. आणि वरून पावलं आली." आजी थांबल्या. "बाबा लंगडायचे. एक पाऊल जड, एक हलकं. डोक्यावर येऊन थांबली. मग हाक आली. छकुले, ए छकुले. हळूच. खिशात काही आणलं की मारायचे तशी."

मॅडमनी हात तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"मी हिच्या तोंडावर बोट ठेवलं. घट्ट. तीनदा मारली त्यांनी. मग पावलं पुढं गेली. एक जड, एक हलकं. आई उठली, म्हणाली, कोण आलं होतं? मी मान हलवली. कुणी नाही." त्या दोघींकडे पाहत नव्हत्या, बाहुलीकडे पाहत होत्या. "बाबा परत दिसले नाहीत. आई मरेपर्यंत वाट बघत होती. तिला सांगितलं नाही. बहिणीलाही नाही."

मॅडमनी तोंडावरचा हात खाली घेतला.

"वर आल्यावर आयांनी ठरवलं होतं, आता पोरींनी आपापल्या बाहुलीला तोंड शिवायचं. सगळ्यांनी शिवली. लाल, निळी, कुणी दात पण काढले. हसत होत्या सगळ्या. मी नाही दिलं हिला." आजींनी बोट काचेवरून काढलं. "ते द्यायचं असतं तर मी दिलं असतं. सुई धरता येत होती मला."

रफूताईला रडू आलं, आणि रडायचा आपल्याला काही हक्क नाही असंही वाटलं. तिनं नाक पुसलं.

मॅडमनी दारावरच्या पोस्टरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काढा, रफूताई. पोस्टरचं काय करायचं ते मी बघते." त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "वर मला सगळं सांगावं लागेल. तुम्ही 'होतं' म्हणालात, तेपण. तो कागद मग..."

"कळलं, मॅडम."

"आणि काढताना कापड फाटलं तर?"

"फाटलं तर जबाबदारी माझी."

रफूताईनं किल्ली फिरवली. बाहुली बाहेर काढून तिनं आधी आजींच्या हातात दिली, आणि आजींना आपल्या खोलीत नेऊन खिडकीपाशी बसवलं. दार लोटून घेतलं. बाहुली आजींच्याच मांडीवर ठेवून ती समोर जमिनीवर गुडघ्यांवर बसली. बारीक कात्रीचं टोक लाल दोऱ्याखाली सरकवायचं, कापडाला न दुखवता एक पीळ कापायचा, चिमट्यानं ओढायचा. नेहमीचं काम. पण इथलं कापड म्हणजे नावाला कापड होतं. जरा ओढ बसली असती तर तिथं तोंडाऐवजी भगदाड पडलं असतं. आणि टाके तिनं पक्के घातले होते. टिकावेत म्हणून घातले होते ना! एकेक टाका सुटताना ती श्वास रोखून धरत होती, आणि समोर आजींच्या मांडीवरचे हातही दरवेळी आवळले जात होते.

शेवटून दुसरा टाका चिमट्यात असताना दार धाडकन उघडलं.

"आई, आम्ही आलो! बाबांनी बस डेपोत टाकली आणि आम्ही पळत आलो, आणि बाहेर एक काका पोस्टर खाली उतरवतायत, ते का उतरवतायत, आणि माझ्या दोन मैत्रिणीपण येणारेत, मी त्यांना सांगितलंय की..." टकळी थांबली. "आई! तू काढतेयस? का काढतेयस? मी सगळ्यांना सांगितलंय!"

"गप्प! एकदम गप्प!" रफूताई मान वर न करता ओरडली. हात हलला असता तर सगळंच गेलं असतं.

टकळी गप्प झाली. दारात उभ्या असलेल्या बापानं आत येऊन दार लोटलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण आजी दचकल्या होत्या. त्यांची नजर बाहुलीवरून मुलीकडे गेली, तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांवर थांबली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तिला गप्प नका करू," त्या म्हणाल्या. "बोल गं, पोरी. तू बोल."

टकळीनं आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली. एरवी परवानगी लागत नाही अशा कामाला परवानगी मिळाल्यावर तिला क्षणभर काही सुचेना. मग ती जवळ येऊन उकिडवी बसली.

"दुखतं का तिला?"

"नाही."

"मग तिला तोंड का नको?"

"मी दिलं नाही."

"का? रागावला होतात तिच्यावर?"

"तिच्यावर नाही," त्या म्हणाल्या.

शेवटचा टाका निघाला. लाल दोरा रफूताईच्या तळहातावर पडला, एवढासा. कापड फाटलं नव्हतं. पण बटणांखाली सुईची भोकं उरली होती, एक बाजू किंचित वर चढलेली ओळ.

"आजी, भोकं राहिली," ती म्हणाली. "ही मला बुजवता येणार नाहीत. बुजवायला गेले तर फाटेल. माझ्या हातून झालं ते आता असंच राहणार."

आजींनी बाहुली उजेडाकडे धरली आणि बघितलं. अंगठ्यानं चाचपून बघितलं.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "श्वास तरी घेईल."

त्यांनी बाहुली पुन्हा मांडीवर घेतली. त्यांचं बोट सवयीनं जाऊन त्या जागी टेकलं. रफूताई चिमटा पुसत राहिली. तिला आपल्या 'होतं'बद्दल काहीतरी म्हणायचं होतं, पण माफी मागायला लागणारे शब्द जुळत नव्हते, आणि जुळले असते तरी ते फार थोडे पडले असते.

बाहेर लांब दालनाच्या टोकाला हाक आली. "मावशी!"

आजी हलल्या नाहीत.

"मावशी! ए मावशी!" पावलं जवळ येत होती. कुणीतरी एक दार उघडून लावलं, मग दुसरं. भाचा शोधत येत होता.

"तुम्हाला बोलवतायत," टकळी कुजबुजली.

आजींचं बोट बाहुलीवर घट्ट दाबलं गेलं होतं. नखाच्या टोकाला रक्त उरलं नव्हतं. रफूताईचा नवरा दार उघडायला पुढे सरकला. तिनं नजरेनंच त्याला थांबवलं. आपण हे का केलं हे तिला सांगता आलं नसतं. पावलं दाराशी आली, दारावरून गेली आणि पुढच्या जिन्याकडे वळली. हळूहळू लांब जाऊ लागली.

आजींनी बोट उचललं.

"ओ," त्या म्हणाल्या.

आवाज इतका लहान होता, की शेजारच्या खुर्चीपर्यंतही जेमतेम पोचला असता. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण या वेळी नुसता श्वासच आला. टकळीनं त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि उठून दार सताड उघडून आपल्या त्या शाळा किटवणाऱ्या आवाजात ओरडली,

"अहो काका! ओ दिलीय त्यांनी! ऐकू नाही आली का? इकडे आहेत, इकडे!"

जिन्यावरची पावलं थांबली. मग परत फिरली.